डंजनेसची रात्रीची कॉड मासेमारी

इंग्लंडच्या आग्नेयेस, केंट काउंटीत, इंग्लिश खाडीत घुसलेल्या डंजनेस या दगडगोट्यांच्या टोकावरून हिवाळ्यात रात्री गळाने कॉड पकडण्याची प्रथा. होडी नाही, जाळे नाही; काठी, रीळ, तंगूस आणि आमिष एवढ्यावर, किनाऱ्यावर उभे राहून केलेली ही हौशी मासेमारी आहे. समुद्रात गळ टाकायला इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही, त्यामुळे कामगारांपासून निवृत्तांपर्यंत सगळ्या थरांतली माणसे इथे येत आली. मराठी घरांना कॉड माहीत आहे तो बहुधा कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्यांमुळे; तोच हा मासा.

डंजनेसला वाळू कमी, गोटे अफाट. चकमकीच्या दगडाचे, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले हे गोटे युरोपातल्या सर्वांत मोठ्या अशा साठ्यांपैकी एक आहेत. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने येणाऱ्या लाटा ते पश्चिमेच्या अंगाने उचलतात आणि पूर्वेच्या अंगाला नेऊन टाकतात. १६१५ साली इथे पहिले दीपगृह उभे राहिले; गोटे साठून समुद्र लांब गेला, तशी पुढे नवी दीपगृहे बांधावी लागली. १९६१ चे, आजचे, पाचवे. ते मात्र शेजारच्या अणुवीज केंद्रामुळे जुन्या दीपगृहाचा उजेड झाकला जाणार म्हणून बांधले. पश्चिमेची झीज त्या केंद्राच्या मुळावर येऊ नये यासाठी पूर्वेकडचे गोटे ट्रकांत भरून परत पश्चिमेला टाकण्याचे काम अनेक दशके चालत आले आहे. या गोट्यांवर चालणे हाच पहिला कष्ट: पाऊल रुतते आणि मागे घसरते. जुने कोळी बुटांखाली लाकडी फळ्या बांधून चालत. त्या फळ्यांना बॅकस्टे म्हणत.

कॉड इथे काठाशी का येतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी या गोट्यांतच आहे. लाटेचे पाणी गोट्यांच्या फटींतून झिरपून जाते, त्यामुळे परतताना गोटे खाली ओढून न्यायला त्यात पुरेसा जोर उरत नाही. गोटे वर चढत राहतात आणि किनारा तीव्र उताराचा बनतो. सपाट पुळणीवर खोल पाणी बरेच आत असते. डंजनेसला ते एका फेकीच्या टप्प्यात असते. तळाशी किडे, खेकडे, शिंपले, आणि थंडीत स्प्रॅट या लहान चंदेरी माशांचे थवे. हनुवटीवरच्या एका मिशीने तळ चाचपत खाणाऱ्या कॉडला आणखी काय हवे? ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी गार होऊ लागले की तो काठाकडे सरकतो आणि जानेवारीनंतर अंडी घालायला खोल समुद्रात जातो. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा.

उजेडात आणि नितळ पाण्यात कॉड उथळात यायला बिचकतो. त्यामुळे रात्र हवी, आणि त्याहून वादळ हवे. नैर्ऋत्येचा वारा दोन दिवस जोरात वाहिला की लाटा तळ ढवळतात, वाळूतले किडे आणि शिंपले उघडे पडतात, पाणी गढूळ होते. वारा पडल्यावरची पहिली रात्र सर्वांत भरवशाची मानतात. त्यात उधाणाची भरती असेल तर उत्तम. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी कमी हलते आणि मासाही. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे रात्रीची भरती गाठायला जागरण करावेच लागते असे नाही. पट्टीचे गडी मात्र तिपाईवर काठ्या टेकवून पहाटेपर्यंत बसतात. हेडलँप येण्याआधी त्यांच्याजवळ टिली कंदील असे. रॉकेलची ही दाबाची बत्ती आपल्या पेट्रोमॅक्सच्या जातकुळीतली. उजेडाबरोबर ती गारठलेल्या बोटांना ऊबही देई.

काठी सुमारे चार मीटर लांब, शिसे दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमचे. शिशाला तारेचे चार आकडे असतात. ते तळात रुततात आणि डंजनेसच्या जोरदार ओढीतही आमिष जागेवर धरून ठेवतात. काठीने जोर लावला की दुमडून सुटतात. रिळावरची तंगूस बारीक असते, पण शेवटचे काही मीटर जाड तंगूस जोडणे सक्तीचे मानावे. एवढे शिसे जोरात फेकताना बारीक तंगूस तुटली, तर ते गोळीसारखे सुटते आणि शेजारच्याचा जीव घेऊ शकते. ढोबळ नियम असा, की शिशाच्या दर औंसाला जाड तंगुशीची ताकद दहा पौंड हवी. सहा औंसांना साठ.

आमिषात पहिला मान लगवर्मचा. चिखलमिश्रित वाळूत बीळ करून राहणारा हा जाड किडा ओहोटीला फावड्याने खणून काढतात. त्याच्या विष्ठेच्या वळकट्या वाळूवर दिसतात, तिथेच खणायचे. चार-पाच किडे गळावर ओवून शेवटी माकुळाची पट्टी लावतात आणि सगळे बारीक रबरी दोऱ्याने गुंडाळतात, म्हणजे फेकीत सुटत नाही. कॉडचे तोंड मोठे, त्यामुळे आमिषही मोठेच हवे. एवढ्या लांब आमिषाला एक गळ पुरत नाही, म्हणून एकाच दोरीवर वर-खाली दोन गळ बांधण्याची पद्धत आहे. लहान आमिष लावले की व्हाइटिंग नावाचा भुकेला भुरटा ते कॉडच्या आधी फस्त करतो.

कॉड लागल्याची खूण शिकावी लागते. काठीचे टोक एकदा-दोनदा जड वाकते आणि मग तंगूस एकदम सैल पडते. नवखा समजतो की मासा सुटला. प्रत्यक्षात माशाने आमिष तोंडात घेऊन आकडे उपटलेले असतात आणि तो किनाऱ्याच्या दिशेने निघालेला असतो. अशा वेळी रीळ भराभर गुंडाळत मागे पळायचे, तंगूस ताठ होईपर्यंत. खरी कसोटी शेवटच्या दहा मीटरांत लागते. उतारावर फुटलेली मोठी लाट परतताना माशाला ओढते, तंगूस तेव्हाच तुटते. म्हणून परतणाऱ्या पाण्यात ढील द्यायची आणि पुढच्या लाटेवर मासा वर आणायचा. माशासाठी पाण्यात उतरायचे नाही. पायाखालचे गोटे सरकतात, खाली लगेच खोल पाणी आहे आणि अंधारात पुढची लाट दिसत नाही.

अणुवीज केंद्राचे गरम पाणी जिथे समुद्रात सुटे, त्या जागेला ‘बॉइल’ म्हणत. तिथे समुद्रपक्ष्यांची आणि बास माशाची गर्दी होई. कॉडला थंडच पाणी लागते, तो बाजूच्या किनाऱ्यावर मिळे. इथल्या दोन केंद्रांपैकी पहिले २००६ मध्ये बंद झाले. दुसऱ्याने २०१८ नंतर वीज दिली नाही आणि २०२१ मध्ये ते कायमचे बंद झाल्याचे जाहीर झाले.

या मासेमारीचा सुवर्णकाळ १९६० आणि १९७० ची दशके. उत्तर समुद्रात तेव्हा कॉडच्या कुळातले मासे विलक्षण वाढले होते. किनाऱ्यावरून पकडलेल्या कॉडचा ब्रिटिश विक्रम त्याच काळातला, १९६६ चा, वेल्समधल्या बॅरीचा: ४४ पौंड ८ औंस, म्हणजे वीस किलोंहून अधिक. मग ट्रॉलरांनी प्रमाणाबाहेर उपसा केला आणि पाणी तापत गेले. २००६ च्या सुमारास उत्तर समुद्रातला साठा तळाला गेला, नंतर सावरला, २०१७ मध्ये त्याला शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्रही मिळाले; दोन वर्षांत ते स्थगित झाले. दोष गळवाल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, पण झळ त्यांनाच पहिली लागली, कारण कॉडच्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाशी असलेला हा किनारा सर्वांत आधी रिकामा झाला. आता हिवाळी रात्री इथे मुख्यतः व्हाइटिंग आणि मुशीच्या जातीचे डॉगफिश लागतात. कॉड आलाच तर बहुधा लहान, आणि ३५ सेंमीपेक्षा आखूड असेल तर तो सोडावा लागतो. केंटच्या किनाऱ्यावर काटेरी पाठीची पाकट मात्र वाढली आहे, आणि कॉडसाठी जमवलेली तीच काठी, तेच शिसे आता वसंतात तिच्यासाठी बाहेर निघते.