उतारावरही पाय चालूच

सायकल उतारावर सोडली की मागच्या चाकातून खर्रर्र आवाज येतो. तो फ्रीव्हीलचा. आत स्प्रिंगवर टेकलेले छोटे खटके असतात आणि भोवती दातेरी कडं. पॅडल पुढे मारलं की खटके दातांत अडकून चाक ओढतात. पाय थांबले की तेच खटके दातांवरून घसरतात आणि चाक आपलं आपण फिरत राहतं. गोव्यात पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलला गिअर नसतात, पण फ्रीव्हील असतं. म्हणून तर एका हाताने भोंगा वाजवत, पाय स्थिर ठेवून तो वाड्यात वळतो.

फिक्स्ड गिअर, म्हणजे फिक्सी सायकलला हा पुर्जाच नसतो. मागचं दातेरी चक्र थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आटे पिळून बसवलेलं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, आणि पॅडलवर पाय आहेत तोवर पायही. उलटं पॅडल मारलं तर सायकल मागे जाते. गिअर नसलेल्या सिंगलस्पीडशेजारी ती उभी केली तर दोन्ही जुळ्या वाटतील; फरक त्या खर्रर्र आवाजाचाच.

पुढे पॅडलपाशीच्या चक्राला ४६ आणि मागच्या चक्राला १६ दात असले तर पॅडलच्या एका फेरीत चाक २.८७५ वेळा फिरतं. रोडबाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेरीला सहा मीटर पल्ला. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की ताशी ३२ किलोमीटर. पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या पोर्तुगीजकालीन बांधावर चढ औषधालाही नाही. तिथे ही सायकल मजेत पळते. पण बहुतेकांचे पाय सुखाने चालतात ते मिनिटाला ६० ते १०० फेऱ्यांच्या पट्ट्यात. हीच सायकल ताशी ५० च्या वेगाने घाट उतरू लागली तर मिनिटाला जवळपास १४० फेऱ्या होतात, आणि पाय थांबवायची सोय नाही.

चढावर उलटा त्रास. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरू, चढ सहा टक्के. ताशी १० किलोमीटरने चढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १३० वॅट लागतात, आणि हा आकडा फिक्सी, सिंगलस्पीड आणि गिअरवाली अशा तिन्ही प्रकारच्या सायकलींना सारखाच. गिअर यातलं काही माफ करत नाही, फक्त हप्ते बांधून देतो. ४६-१६ वर पॅडलवर सरासरी २७ किलोंचा दाब द्यावा लागतो आणि फेऱ्या होतात मिनिटाला जेमतेम २८. पुढे ३४, मागे २८ असा गिअर टाकला की दाब साडेअकरा किलोंवर येतो, फेऱ्या ६५ वर जातात. चोर्ला किंवा अनमोड घाटात गुडघे कोणाच्या बाजूने बोलतील हे सांगायला नको.

फिक्सीवाले म्हणतात, सायकल स्वतःच पाय उचलून देते. अनुभव खरा आहे. पॅडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा जोर नीट लागत नाही. त्या क्षणी धावत्या सायकलचा रेटा चेनमधून परत येतो आणि पाय ओढून पुढे नेतो. मात्र ती ऊर्जा आपणच मघाशी दिलेली असते. फुकट काही मिळत नाही.

वेग कमी करायचा तर फिरत्या पॅडलला पायाने अडवायचं. तेव्हा मांडीचे स्नायू लांबत असतानाच जोर लावतात. १९५२ मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून चेनने जोडल्या. एकाने पॅडल मारायचं, दुसऱ्याने ते अडवायचं. जोर दोघांचा सारखाच, तरी अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. म्हणजे अशा ब्रेकने दम लागत नाही. पण सवय नसली तर स्नायूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात.

पाय असताना ब्रेक कशाला, असं म्हणणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. वेग रोखताच भार पुढच्या चाकाकडे सरकतो, मागचं चाक हलकं पडतं आणि त्याची पकड सुटते. ताशी ३० च्या वेगात, कोरड्या रस्त्यावर नुसतं मागचं चाक रोखून थांबायला साधारण १४ मीटर लागतात. पुढचा ब्रेक नीट वापरला तर सात-आठ. जुलैच्या पावसात, लाल चिखल वाहून आलेल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढतं, आणि वळणापलीकडे रस्त्यात गुरं बसलेली असतात ती वेगळीच. ब्रिटनमध्ये फिक्सीचं मागचं चाक हा एक ब्रेक मानतात, तरी पुढचा ब्रेक असावाच लागतो.

पायांनी चाक पूर्ण अडवून घसरत थांबणाऱ्यांसाठी एक गमतीचा हिशोब आहे. घसरताना पाय नेहमी एकाच स्थितीत असतात, त्यामुळे टायर ठरावीक जागीच झिजतो. पुढे ४८, मागे १६ असले तर अपूर्णांक ३/१ होतो, आणि छेद जितका तितक्या झिजायच्या जागा: दर वेळी टायरचा तोच तुकडा रस्त्यावर घासणार. ४६-१६ चं रूप २३/८, म्हणजे आठ जागा. ४७-१६ ला भागच जात नाही, म्हणून सोळा. पुढचा एक दात कमी केला की टायरचं आयुष्य बदलतं; शाळेतला मसावि असा कामाला येतो.

फिक्सीचं खरं घर व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा गोलाकार ट्रॅक. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, अचानक कोणी थांबत नाही, म्हणून ब्रेक नसणंच सुरक्षित. २०२२ मध्ये इटलीचा सायकलपटू फिलिपो गन्नाने एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापले ते फिक्स्ड गिअरवरच. गोव्यात व्हेलोड्रोम नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाल्या तेव्हा ट्रॅक सायकलिंग दिल्लीला घ्यावं लागलं.

माझं मत विचाराल तर कोलवा ते केळशी अशा सपाट किनारपट्टीवर सिंगलस्पीड बेस्ट. खाऱ्या हवेत गंजायला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा पुर्जा) नाही, केबल नाही, चेन पुसून तेल दिलं की झालं. फोंडा, सत्तरीकडे राहणाऱ्याने गिअर घ्यावेत. फिक्सीची हौस असेल तर मागच्या हबला दोन्ही बाजूंनी आटे असलेली बघा: एकीकडे फिक्स्ड चक्र, दुसरीकडे फ्रीव्हील. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली १९३७ मध्ये. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी स्पर्धक चाक काढून असंच उलटं बसवत. फिक्स्ड बाजूवर चक्र जागी धरून ठेवणारी उलट्या आट्यांची कडी, म्हणजे लॉकरिंग, घट्ट बसली आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या. ती नसेल तर पॅडल अडवताच चक्र सुटायला लागतं.