रेसिडेन्सी की रिट्रीट? फोटोत दोन्ही सेमच दिसतात

जंगलातली लाकडी केबिन, खिडकीपाशी टेबल, संध्याकाळी एकत्र जेवायला बसलेली दहावीस माणसं. अमेरिकेतल्या कुठल्याही आर्टिस्ट रेसिडेन्सीचे (कलाकाराला काही काळ राहून आपलं काम करायला मिळणारी जागा) फोटो बघा नाहीतर रायटर्स रिट्रीटचे (एकत्र लिहायचं-शिकायचं शिबिर), हेच दिसणार. त्यामुळे तिकडचे आपले लिहिणारे, चित्रं काढणारे, पीएचडीवाले लोक दोन्हीला सरसकट रेसिडेन्सी म्हणतात आणि भलत्या ठिकाणी भलताच अर्ज टाकून बसतात.

आधी रेसिडेन्सीचं बघू. सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणजे न्यू हॅम्पशरमधलं मॅकडॉवेल, १९०७ पासूनचं, संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांची पियानो वाजवणारी बायको मॅरियन यांनी सुरू केलेलं. झाडीत लांब लांब स्टुडिओ. दुपारचं जेवण टोपलीत भरून दाराशी ठेवून जातात, आत डोकावत पण नाहीत. कोणाच्या स्टुडिओत बोलावल्याशिवाय जायचं नाही. भिंतीवर लाकडी फळ्या असतात, त्यावर आधी राहून गेलेल्यांच्या सह्या, आणि त्या फळ्यांना तिथे म्हणतात टूम्बस्टोन, म्हणजे थडग्यावरचा दगड (काय पण विनोदबुद्धी!). राहायचे पैसे नाहीत. जाताना काय लिहिलंत दाखवा असंही कोणी विचारत नाही. थोडक्यात माहेरपण.

रिट्रीटचं तसं नाही. केव्ह कानेम घ्या, टोई डेरिकॉट आणि कॉर्नेलियस ईडी या दोन कवींनी १९९६ मध्ये कृष्णवर्णीय कवींसाठी सुरू केलं. आठवडाभराचं शिबिरच म्हणा ना. पहिल्या रात्री सगळे गोल करून बसतात आणि आपण इथे का आलो ते एकेक जण सांगतो, मग रोज नवीन कविता लिहायची, वर्कशॉपमध्ये वाचायची, बाकीच्यांनी ती सोलून काढायची. शिकवायला नावाजलेले कवी. एकदा निवड झाली की पाच वर्षांत तीनदा येता येतं. झोप कमी, शांतता त्याहून कमी. ट्रेसी के. स्मिथ, जी पुढे अमेरिकेची पोएट लॉरिएट म्हणजे राष्ट्रकवी झाली, ती इथलीच. आशियाई वंशाच्या अमेरिकन लेखकांसाठी २००४ मध्ये कुंडिमन सुरू झालं ते पण याच जातीचं.

इथपर्यंत सोपंय. खरा गोंधळ होतो तो खास पीपल ऑफ कलरसाठी खेड्यात असलेल्या रेसिडेन्सीजमध्ये. पीपल ऑफ कलर म्हणजे गोरे सोडून सगळे, कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी, आशियाई, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमधले जोशी-कांबळेपण त्यातच आले. आता रेसिडेन्सीचा जीव एकांतात. पण तीस मैलांत तुमच्या रंगाचं दुसरं माणूस नाही, फिरायला निघालात की पिकअप ट्रकवाला स्पीड कमी करून बघतो, तर त्याला एकांत कसला म्हणायचा, अर्धं डोकं मागे कोण येतंय यातच जातं. मोठ्या संस्थांची दारंही उशिराच उघडली. न्यूयॉर्क राज्यातल्या याडोत १९२६ पासून कलाकार येत होते, कवी लँग्स्टन ह्यूज पोचला १९४२ मध्ये, आणि तोही तिथे आलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी.

म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांमधल्या डेनिस्टन हिलसारख्या जागा मला वेगळ्या वाटतात. चित्रकार ज्युली मेहरेतू, पॉल फायफर वगैरे कलाकारांनीच उभी केलेली. ढाचा रेसिडेन्सीचा, शेतघर, मोकळा वेळ, पण आजूबाजूला आपल्यासारखी माणसं असणं हाच तिथल्या शांततेचा पाया. वर्कशॉप नसतं म्हणून ते रिट्रीट नाही, आणि सोबत महत्त्वाची म्हणून जुन्या पद्धतीची रेसिडेन्सीपण नाही.

सायंटिस्ट लोकांना तर ही गरज जास्तच, कारण त्यांचं काम बऱ्याचदा मुळातच रानात असतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या अमीलिया-ज्युलिएट डेमरी आणि मोनिक पिपकिन यांनी २०२० मध्ये पेपर लिहून मांडलं की फील्डवर्कमधला धोका साप-अस्वलांचाच नसतो, वंश, लिंग अशा ओळखीमुळे माणसांकडूनही असतो आणि त्याची जबाबदारी पीएचडीच्या गाइडने आणि संस्थेनेही घ्यायची. कलाकार आणि शास्त्रज्ञ एकत्र राहतात अशा जागा आहेत, ओरेगॉनमधलं प्लाया, किंवा गर्भनिरोधक गोळीमागचे केमिस्ट कार्ल जेरासी यांनी मुलगी गेल्यावर तिच्या आठवणीत कॅलिफोर्नियातल्या रँचवर सुरू केलेली रेसिडेन्सी (ही मुळात कलाकारांची, शास्त्रज्ञ तिथे खास सत्रांपुरते आले). पण या सगळ्यांसाठी खुल्या, खास पीपल ऑफ कलरसाठी नाहीत, हे अर्ज करताना लक्षात ठेवा.

आता कुठे टाकायचा अर्ज? हातात अर्धवट काम आहे, थिसिसचं पुस्तक करायचंय, पेंटिंगची सिरीज अडकलीये, तर रेसिडेन्सी. काम सुरू कसं करायचं तेच कळत नाहीये किंवा आपलं लिखाण समजून घेणारं कोणी भेटलेलंच नाही, तर आधी रिट्रीट. ओळखी वाढतील म्हणून रेसिडेन्सीला जाऊ नका, पहिल्या आठवड्यातच बोअर व्हाल. आणि नावावर जाऊ नका, दिवसाचं वेळापत्रक आहे का ते बघा. सायंटिस्ट असाल तर लॅब मिळेल हे डोक्यातून काढा, डेटा आधीच गोळा करून न्या, नेटचंही विचारून घ्या. गाडी चालवत नसाल तर स्टेशनवरून न्यायला कोणी येतं का हेसुद्धा आधीच मेल करून विचारा, तिथे उबर नसते.