ब्लू टिक आणि आत्याचा चष्मा

सांगलीच्या आत्याला एका सकाळी मेसेज केला, "शनिवारी आम्ही चौघं मुक्कामाला आलो तर चालेल ना?" नऊ वाजून दहा मिनिटांनी टिका निळ्या झाल्या. मग काहीच नाही. साडेनऊ, दहा, साडेदहा. चौघं म्हणजे जास्त होतोय का? मागच्या खेपेला पोरांनी तुळशीची कुंडी फोडली, ते मनात असेल का? साडेअकराला उत्तर आलं, "अरे ये की! विचारतोस काय? दळण आणायला गेले होते, चष्मा घरीच राहिला."

म्हणजे आत्यानं गिरणीत मेसेज उघडला होता, वाचला नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपला हा फरक कळत नाही. त्या दोन-सव्वादोन तासांत मलाही कळला नाही.

या टिका म्हणजे जुन्या रजिस्टर एडीच्या पोचपावत्या. पहिली टिक उमटली की मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर पोचला. समोरचा फोन बंद असेल तर तो तिथे कुलूपबंद होऊन ३० दिवसांपर्यंत पडून राहू शकतो. फोन सुरू झाला, मेसेज त्यात उतरला की तो फोन आपणहून एक पोच परत धाडतो, ती दुसरी टिक. चॅट उघडलं की आणखी एक पोच येते आणि दोन्ही टिका निळ्या होतात. पोस्टमन पावतीवर माणसाची सही घ्यायचा, इथे माणसाच्या वतीनं फोनच सही ठोकून मोकळा होतो.

हा निळा रंग आला नोव्हेंबर २०१४ मध्ये. लोक इतके वैतागले, की काही दिवसांतच तो बंद करण्याची सोय द्यावी लागली. एवढ्याशा रंगानं माणसं का बिथरली, याचं उत्तर फोनमध्ये सापडत नाही. ते आपल्या बोलण्याच्या फार जुन्या सवयीत आहे.

नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक भाषा-मानसशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या. हो-नाही स्वरूपाचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, एवढंच पाहायचं होतं. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानी सगळ्यांत चटपटीत, डॅनिश सगळ्यांत संथ, पण डॅनिश माणसाचंही सरासरी उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत येतं. मराठी त्या दहांत नव्हती. पण आपल्याकडे समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देण्याचीच मारामार, तेव्हा आपण मागे पडलो असतो असं वाटत नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. समोर ठेवलेल्या चित्रातल्या वस्तूचं नाव उच्चारायलाच मेंदूला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्या वाक्याचा शेवट ताडतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो. त्यामुळे उत्तराला झालेला उशीरही काही सांगून जातो. होकार चटकन येतो, नकार अडखळत येतो. "पाच हजार देशील का?" यावर सेकंदभर शांतता पडली की विचारणारा स्वतःच म्हणतो, "नाही, म्हणजे जमत असेल तर." समोरच्यानं तोंडही उघडलेलं नसतं.

शांतता मोजायचं हे यंत्र सेकंदाच्या अंशावर लावलेलं आहे. तेच आपण व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन बसतो. पत्र लिहिणाऱ्याला उत्तराला आठवडा लागणार हे ठाऊक असायचं आणि पत्र कधी फोडलं हे ठाऊक नसायचं. ब्लू टिक ती नेमकी घटका दाखवते. माणूस समोर आहे, त्यानं ऐकलंय आणि तो गप्प आहे, असं चित्र मेंदू उभं करतो. तिकडे माणूस गिरणीच्या रांगेत असतो.

कोर्टात मात्र या टिकांना वजन मिळालं आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात नोटीस बजावून घेण्याचं टाळणाऱ्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली होती. नोटीस पोचली आणि उघडलीही गेली, हे खुणांवरून स्पष्ट दिसतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल यांनी जून २०१८ मध्ये नोंदवलं. कायद्याला तेवढं पुरतं. नात्यात 'उघडलं' आणि 'वाचलं' यांच्यामध्ये एक चष्मा मावतो.

आपणही कमी नाही. वरच्या पट्टीतूनच मेसेज वाचायचा, चॅट उघडायचंच नाही, ही युक्ती आता शाळकरी पोरांनाही येते. निळी टिक बंद केली तर दुसऱ्यांच्याही निळ्या टिका दिसेनाशा होतात, हा सौदा मला रास्त वाटतो. ग्रुपमध्ये मात्र ही सोय चालत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची वर्गणी मागितली की कोणी वाचून गप्प बसलंय, हे सेक्रेटरी बोट दाबून पाहू शकतात. आमचे पाहतात.

आणखी एक सवय बदलली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. फोनवरचं बोलणं आपण रीतसर आवरतो. "बाकी काय?" "बाकी काही नाही." "बरं, ठेवू मग?" "हं, ठेव." दोघांनी मिळून दार ओढून घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'ठेवू मग' नाही. तिथलं बोलणं संपत नाही, नुसतं थांबतं. म्हणून जोडलेले हात आणि उंचावलेला अंगठा यांना इतकी मागणी. अंगठ्याचा अर्थ बहुधा 'आता पुरे' असतो, आणि तो तुसडा वाटतो तोही त्यामुळेच.

"बाकी काय?" या प्रश्नात माहिती काहीच नसते. अशा बोलण्याकडे मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधलं. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर ते राहिले होते. हवापाणी, ख्यालीखुशाली हे बोलणं काही कळवण्यासाठी नसतं, धागा तुटू नये म्हणून असतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडचं "जेवण झालं का?" त्याच जातीचं. आणि रोज पहाटे येणारा सुप्रभातचा गुलाबसुद्धा. भारतातले फोन वरचेवर का भरतात, हे शोधताना गूगललाही हेच गुलाब आणि सूर्योदय सापडले होते.

आमच्या मजल्यावरचे काका रोज सहाच्या ठोक्याला मजल्याच्या ग्रुपवर गुलाब पाठवतात. मी तो ग्रुप म्यूट करून ठेवला आहे. एका मंगळवारी आठ वाजले तरी गुलाब नाही. त्यांना केलेल्या मेसेजला एकच टिक. समोरच्या वहिनीही दार उघडून तेच म्हणाल्या, "आज काकांचा गुलाब नाही आला हो." आम्ही बेल वाजवली. काका टॉवेलला हात पुसत बाहेर आले, फोन पुढे केला. "बघ रे, काहीच जात नाही, काही येत नाही." स्क्रीनवर सूचना होती: जागा शिल्लक नाही.

चार हजारांवर फोटो निघाले. पुसायला बसलो तर ते दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "हा राहू दे, हा छान आहे."