सदर्न बॅप्टिस्टांचे ठराव आणि सेमिनऱ्यांवरचा ताबा

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती संघटनेचं अधिवेशन जूनमध्ये भरतं आणि तिथल्या एखाद्या ठरावाची हमखास बातमी होते. बॅप्टिस्टांत प्रत्येक स्थानिक मंडळी (म्हणजे चर्च) स्वतंत्र असते, वर ना बिशप ना पोप. त्यामुळे हे ठराव कोणावरच बंधनकारक नसतात. आपल्या साहित्य संमेलनाच्या समारोपातले ठराव आठवावेत. मग या संघटनेतलं भांडण एवढं हातघाईवर का येतं?

संघटनेचं मूळ भारताकडे निघालेल्या एका जहाजापर्यंत जातं. १८१२ साली ल्यूथर राइस, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी एकत्र निघाले. हॉल आणि नॉट मुंबईला पोचले, त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. राइस मात्र कलकत्त्यात बाप्तिस्मा घेऊन बॅप्टिस्ट झाले आणि निधी गोळा करायला मायदेशी परतले. १८१४ साली फिलाडेल्फियात बॅप्टिस्टांची राष्ट्रीय मिशनरी संघटना स्थापन झाली. तीस वर्षांत ती एका प्रश्नावर फुटली: गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो का? होऊ शकतो, असं म्हणणाऱ्या दक्षिणेकडच्यांनी मे १८४५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही वेगळी चूल मांडली. त्याबद्दलचा माफीचा ठराव यायला १९९५ उजाडलं.

पण खरा संघर्ष पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या सेमिनऱ्यांवरून झाला. १९६१ मध्ये राल्फ इलियट या सेमिनरीतल्या प्राध्यापकांनी एका ग्रंथात बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा चिकित्सक अर्थ लावला. हा ग्रंथ पुन्हा छापणार नाही असं कबूल करायला ते तयार नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. कर्मठ गटाचं तेवढ्यावर समाधान झालं नाही.

पॉल प्रेसलर आणि पेज पॅटरसन या कर्मठ गटाच्या म्होरक्यांनी संघटनेच्या घटनेतली मेख हेरली. संघटनेचा अध्यक्ष एक समिती नेमतो, ती दुसरी समिती सुचवते आणि ही दुसरी समिती सेमिनऱ्यांचे विश्वस्त सुचवते. म्हणजे दहाएक वर्षं लागोपाठ अध्यक्षपद जिंकलं, की सगळी विश्वस्त मंडळं आपली! १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात त्यांच्या गटाचे एड्रियन रॉजर्स अध्यक्ष म्हणून निवडून आले, तिथून सुरुवात झाली. १९८५ च्या डॅलस अधिवेशनाला ४५ हजारांवर प्रतिनिधी लोटले, ते अध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी.

सामाजिक भूमिकाही त्याच काळात फिरल्या. काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी, असं १९७१ चा ठराव म्हणत होता. १९८० च्या ठरावात आईचा जीव वाचवण्यापुरताच अपवाद उरला. धर्म आणि राज्य वेगळं ठेवण्याचा बॅप्टिस्टांचा जुना बाणा, पण १९८२ मध्ये सरकारी शाळांतल्या प्रार्थनेसाठीच्या अमेरिकी राज्यघटनेच्या दुरुस्तीला त्यांनी पाठिंबा दिला. माझ्या मते ही उलटी उडी सर्वांत बोलकी.

१९९४ मध्ये साउथवेस्टर्न सेमिनरीच्या विश्वस्तांनी सेमिनरीचे अध्यक्ष रसेल डिल्डे यांना काढून टाकलं. मवाळांनी १९९१ मध्येच ‘फेलोशिप’ नावाची वेगळी संघटना काढली होती. पाळकपद पुरुषांपुरतं मर्यादित करणारा सुधारित विश्वासनामा (श्रद्धेची अधिकृत मांडणी) २००० साली मंजूर झाला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याच वर्षी संघटनेशी नातं तोडलं.