इम्पोर्ट आणि ओरिजिनल: रेकॉर्ड घेताना होणारी महागडी गल्लत

रेकॉर्डच्या दुकानात दोन शब्द हमखास कानावर पडतात. ‘इम्पोर्ट आहे’ आणि ‘ओरिजिनल आहे’. दोन्ही एकाच सुरात म्हटले जातात आणि दोन्ही ऐकून हात पाकिटाकडे जातो. मी बरीच वर्षं हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत होतो आणि त्यापायी बरेच पैसेही घातले. म्हणून हे जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

इम्पोर्ट म्हणजे तबकडी दुसऱ्या देशातून आली. तो शब्द ‘कुठली’ एवढंच सांगतो. ओरिजिनल, म्हणजे फर्स्ट प्रेस, हा शब्द ‘कधीची’ आणि ‘कशावरून काढलेली’ हे सांगतो: संगीत पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा, पहिल्या साच्यांवरून काढलेली तबकडी. एखादी रेकॉर्ड दोन्ही असू शकते, एकच असू शकते, किंवा दोन्हींपैकी काहीच नसू शकते. दुकानात नवीकोरी, सीलबंद मिळणारी बहुतेक इम्पोर्ट ओरिजिनल नसतात. ती रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेल्या आवृत्त्या, असतात.

नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीचा बोनस मी एका दुपारी शहरातल्या एका दुकानात संपवला. चार एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड. त्यातली एक १९५८ची जॅझची होती, तीन हजार आठशे रुपयांची, वर गोल स्टिकर: इम्पोर्टेड, १८० ग्रॅम. तिथून तडक नारायण पेठेत मामाकडे गेलो, कारण चांगला टर्नटेबल त्याच्याकडेच होता. मामाने कव्हरकडे पाहिलंही नाही. तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरली, ट्यूबलाइटखाली तिरपी केली आणि लेबलाच्या भोवतीची गुळगुळीत पट्टी वाचू लागला.

“अरे, वर्ष कव्हरवर बघायचं नसतं. इथे बघ.”

गाणं संपल्यावर सुई जिथे फिरत राहते तीच ही पट्टी. संग्राहक तिला डेड वॅक्स म्हणतात. तिच्यावर साच्याचा नंबर, म्हणजे मॅट्रिक्स, कोरलेला किंवा ठोकलेला असतो. रेकॉर्ड कशी बनते हे लक्षात घेतलं की त्याचं महत्त्व कळतं. टेपवरचं संगीत आधी लॅकरच्या चकतीवर कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा ठसा घेतात, त्यावरून ‘मदर’ म्हणजे सुलटा ठसा, मदरवरून स्टॅम्पर म्हणजे दाबायचा साचा, आणि स्टॅम्परमध्ये गरम व्हिनाइल दाबून तबकडी. स्टॅम्पर झिजतो, बदलावा लागतो. पुढे कधीतरी नव्याने कोरणी होते तेव्हा मॅट्रिक्सही सहसा बदलतो. कव्हर मात्र हुबेहूब तेच छापता येतं, जुन्या वर्षासकट.

इंग्लंडच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने तर या पट्टीवर पूर्ण हिशोब ठेवला होता. मॅट्रिक्सच्या एका बाजूला मदरचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला स्टॅम्परची अक्षरं. ही अक्षरं ‘ग्रामोफोन लिमिटेड’च्या इंग्रजी स्पेलिंगमधून घेतलेली: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला जी दिसला, तर तुमच्या हातातली तबकडी पहिल्या मदरवरून काढलेल्या पहिल्या स्टॅम्परची आहे. मला हे कळलं त्या रात्री मामाच्या कपाटातल्या सगळ्या ईएमआय एलपी खाली उतरवून मी एकेकीची पट्टी वाचली होती.

माझ्या तीन हजार आठशेच्या रेकॉर्डवर मात्र यंत्राने कोरलेला आजच्या काळातला एक नंबर होता, बाकी काही नाही. ती युरोपातली होती. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क आधी ५० वर्षांचा होता. पुढे तो ७० वर्षांचा झाला, पण तोवर ज्यांची मुदत संपली होती ती ध्वनिमुद्रणं मोकळीच राहिली. त्यामुळे १९६२पर्यंत प्रसिद्ध झालेलं बरंचसं जॅझ तिथे कुणीही छापू शकतो, मूळ टेप हाताशी नसली तरी. मग काही कंपन्या सरळ सीडीवरून रेकॉर्ड काढतात. बेकायदा काही नाही, तबकडी खरोखर परदेशी, खरोखर जड. पण मामाच्या स्पीकरवर झांजा काचेच्या तुकड्यांसारख्या वाजत होत्या आणि डबल बासचं लाकूड कुठे ऐकूच येत नव्हतं. त्या कंपन्यांतही चांगलं काम करणारे आहेत, हे मी नंतर ऐकलं आहे. पण ते स्टिकरवरून कळत नाही.

वजनाचंही तसंच. नेहमीची एलपी साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते. १८० ग्रॅमची हातात भारदस्त वाटते, पण आवाज खाचेत असतो आणि खाच कशावरून कोरली यावर तो ठरतो.

आता आपल्या संगीताकडे वळलं की सगळं चित्र फिरतं, आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथेच. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एलपी घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे जी. एन. जोशी एचएमव्हीत होते तेव्हाची ही निर्मिती. या संगीताची ओरिजिनल तबकडी भारतीय आहे, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली. याच्या परदेशी आवृत्त्या पुण्यात जास्त भावाने विकल्या जातात, पण इथे इम्पोर्ट म्हणजे नंतरची प्रत. आपल्याकडच्या रागसंगीताची टेप इथली. परदेशी कारखान्यात जायची ती सहसा तिची नक्कल किंवा इथून पाठवलेले साचे.

तरीही इम्पोर्टची बाजू मांडायलाच हवी. परदेशी व्हिनाइल पुष्कळदा स्वच्छ असतं. दमदमच्या तबकड्यांवर, विशेषतः नंतरच्या काळातल्या, खरखर आणि टकटक असते. तानपुऱ्यावर आलाप सुरू होतो तेव्हा ती फार टोचते. जपानी प्रेसिंगची शांतता तर ऐकण्यासारखी असते. त्यांच्या कव्हरला उभी कागदी पट्टी असते, तिला ओबी म्हणतात. ती शाबूत असेल तर किंमत चढते. म्हणून तुम्हाला शांत पार्श्वभूमी हवी असेल तर इम्पोर्टवर पैसे घाला, त्यात चूक काहीच नाही. फक्त ते ओरिजिनलचे पैसे नाहीत, एवढं मनात पक्कं असू द्या.

दमदमने पाश्चात्त्य संगीतही भरपूर छापलं. बीटल्सची गाणी तर साठच्या दशकात इथे ७८ आरपीएमवरही, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या पद्धतीच्या तबकड्यांवरही निघाली, इंग्लंड-अमेरिकेत ती पद्धत मागे पडलेली असताना. त्या तबकड्या आज परदेशी संग्राहक शोधत असतात. त्यांच्या लेखी दमदम हाच इम्पोर्ट!

ओरिजिनल म्हणजे आवाजाने नेहमीच सरस, असंही धरून चालू नका. माइल्स डेव्हिसची १९५९ची ‘काइंड ऑफ ब्लू’ हे त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. ध्वनिमुद्रणाचं एक यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर किंचित चढ्या सुरात वाजतात. ती चूक १९९२च्या आवृत्तीत दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून सुधारली गेली. म्हणजे फर्स्ट प्रेस जपून ठेवणाऱ्याकडे अनमोल वस्तू आहे, पण योग्य सूर नंतरच्या आवृत्तीत आहे. सुरासाठी जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांनी तरी हे विसरू नये.

आणि शब्दावरही विसंबू नये. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या आवृत्त्यांच्या कव्हरवर ‘ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग’ अशी पट्टी असते. त्यांतल्या अनेक थेट टेपवरून न कोरता मधल्या टप्प्यावर डिजिटल करून घेतल्या होत्या, हे २०२२मध्ये उघड झालं. त्यातल्या काही उत्तम वाजतात, हेही खरं. लोकांना लागलं ते न सांगितल्याचं.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रेकॉर्ड चाळताना मी आता एक ठरावीक क्रम पाळतो. आधी लेबल वाचायचं. एचएमव्हीच्या नंबराआधी ईएएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. पण नंबर तोच ठेवून तीच रेकॉर्ड पुढची कैक वर्षं काढली गेली, लेबलाचा रंग आणि छपाई तेवढी बदलली. म्हणून लेबलानंतर पट्टी. विक्रेत्याला विचारून, तबकडी उन्हाकडे तिरपी धरून. धूळ फुंकरीने उडवायची, बोट लावायचं नाही. मग खाचांवरचे ओरखडे. नखाला जाणवतो तो ओरखडा बहुधा वाजतो, नुसता दिसतो तो पुष्कळदा वाजत नाही. कव्हर सगळ्यात शेवटी.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी तिथे ताडपत्रीवर, एका मोडक्या मिक्सरच्या शेजारी, सरोदची एक ईएएलपी मिळाली. कव्हरला पुट्ठ्याचा वास, कोपरा कुरतडलेला, मागे निळ्या शाईत कुणीतरी लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिलेल्या. तीनशे रुपये. मामाकडे नेली. त्याने कोमट पाण्यात दोन थेंब शाम्पू टाकून, लेबलवर पाणी जाऊ न देता ती धुतली आणि पंख्याखाली उभी वाळत ठेवली. संध्याकाळी सुई टेकवली. सुरुवातीला खरखर झाली, मग जोडाची तार लागली आणि आम्ही दोघंही बोलायचे थांबलो. बाजू संपली तेव्हा मामा उठून म्हणाला, “आता तुझी ती बोनसवाली लाव.” मी ती आणलीच नव्हती. मग त्याने सरोदचीच दुसरी बाजू लावली.