साडेचार दशकं एकच इंजिन: मेरिडनच्या ट्रायम्फची पार्श्वभूमी

साठच्या दशकातली ट्रायम्फ बॉनव्हिल, म्हणजे मेरिडनच्या कारखान्यात बनलेली दोन सिलिंडरची ब्रिटिश मोटरसायकल, रस्त्यावर काढण्याआधी जाणकार माणूस एक गोष्ट हमखास करतो. इंजिन चालू करायचं, ऑइलच्या टाकीचं झाकण काढायचं आणि आत परतीच्या नळीकडे बघायचं. ऑइल उचक्या दिल्यासारखं, मधूनमधून हवेचे बुडबुडे घेऊन पडत असेल तर पंप ठीक आहे. चेंबरमधलं (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या घरातलं) ऑइल ओढणारा प्लंजर, म्हणजे पंपातला दट्ट्या, पुरवठा करणाऱ्या प्लंजरपेक्षा जाड असतो. तो येणाऱ्या ऑइलपेक्षा जास्त ओढतो, म्हणून सोबत हवाही येते. मिनिटभरात काहीच पडलं नाही तर इंजिन लगेच बंद करायचं. बहुतेक वेळा पंपातल्या गोटीखाली कचरा अडकलेला असतो.

हा दोन प्लंजरचा पंप, इनलेट कॅमच्या नटावरून चालणारा, 1937 सालच्या इंजिनात होता आणि बॉनव्हिलमध्येही त्याच जागी राहिला. जुन्या ट्रायम्फची खोड कशात आहे आणि त्या आजही पळतात कशा, या दोन्हींचं उत्तर या सातत्यात सापडतं.

1936 साली जॅक सँगस्टर यांनी ट्रायम्फचा मोटरसायकलचा धंदा विकत घेतला आणि एरियल या दुसऱ्या मोटरसायकल कंपनीतल्या एडवर्ड टर्नर यांना इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला, ट्रायम्फच्या कारखान्यात आणलं. टर्नर यांनी वर्षभरात ‘स्पीड ट्विन’ उभी केली: 498 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 63 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 80 मिमी, किंमत 75 पौंड. हा बोअर-स्ट्रोक कंपनीच्या 250 सीसीच्या टायगर 70 चा. म्हणजे दोन अडीचशे शेजारीशेजारी बसवून पाचशे केली. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. त्यामुळे स्फोट समान अंतराने होतात, एकाच कार्बोरेटरवर भागतं आणि इंजिन इतकं अरुंद बसतं की सिंगलच्या चौकटीत मावतं. लोकांना ते सवयीच्या एका सिलिंडरच्या गाडीसारखं दिसलं, हे टर्नर यांचं धंद्यातलं शहाणपण. पहिल्या वर्षी सिलिंडर ब्लॉक चेंबरवर सहा स्टडांनी धरलेला होता. खालची कड तडकू लागली, तेव्हा स्टड आठ झाले. याला आम्ही अपशकुन म्हणणार नाही, पण पुढच्या इतिहासाची चुणूक त्यात आहे: आधी ताकद वाढवायची, मग जिथे तुटेल तिथे जाड करायचं.

नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा कारखाना गेला. 1942 मध्ये शहराबाहेर मेरिडन गावी नवा उभा राहिला. अमेरिकन गिऱ्हाइकाला जास्त सीसी हवी होती, म्हणून 1949 मध्ये 649 सीसीची थंडरबर्ड आली. 1951 मध्ये ट्रायम्फ बीएसए या मोठ्या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीच्या मालकीची झाली. 1959 मॉडेलची बॉनव्हिल म्हणजे तेच 649 सीसी, पण दोन कार्बोरेटर आणि 46 अश्वशक्ती. 1963 मध्ये गिअरबॉक्स आणि इंजिन एकाच ओतकामात आले. 1973 मध्ये बोअर 76 मिमीपर्यंत नेऊन 744 सीसी केली. मूळ आराखडा पाचशेचा, आणि त्यावर दीडपट बोजा चढलेला.

दोन्ही पिस्टन एकत्र फिरतात तेव्हा क्रँकचा तोल एका सिलिंडरच्या इंजिनासारखाच राहतो. एका दिशेचा धक्का वजन लावून कमी केला की दुसऱ्या दिशेला वाढतो. पाचशेला हे चालून गेलं. साडेसहाशेला, आणि त्याहून साडेसातशेला, वेग वाढला की हँडल आणि फूटरेस्ट मुंग्या आणतात, बल्बचे फिलामेंट तुटतात, मडगार्डच्या पट्ट्या चिरतात. वायरिंगच्या प्रत्येक बिघाडाला लोक विजेचे भाग पुरवणाऱ्या ल्युकस कंपनीला नावं ठेवतात. त्यातला बराच दोष या थरथरीचा आणि सैल अर्थिंगचा आहे. शिवाय यातल्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या चौकटीला जोडलेलं असतं. सवयीने निगेटिव्ह जोडलं तर बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारे रेक्टिफायर आणि झेनर डायोड जातात. एलईडी दिवा घेतानाही पॉझिटिव्ह अर्थला चालणाराच घ्यावा.

ऑइल गळतं, यावरचे विनोद जुनेच आहेत. कारण मात्र क्वचित कोणी सांगतं. दोन्ही पिस्टन एकदम खाली येतात तेव्हा चेंबरमधली हवा भात्यासारखी दाबली जाते. तिला वाट देणारा ब्रीदर कमी पडला की ती जोडांमधून ऑइल घेऊन बाहेर पडते. चेंबर मधोमध उभा दुभागलेला, वर पुशरॉडच्या नळ्यांचे रबरी सील. 1970 मध्ये कॅमच्या टोकाचा ब्रीदर काढून हवा प्रायमरी चेनच्या (इंजिनापासून क्लचपर्यंतच्या साखळीच्या) घरातून सोडली आणि गळती बरीच कमी झाली. म्हणून गळणाऱ्या गाडीला जाड पॅकिंग आणि सिलिकॉन फासण्याआधी ब्रीदरची नळी मोकळी आहे का ते पाहावं. आत ओघळलेलं सिलिकॉन ऑइलच्या वाटेत अडकतं, ते वेगळंच.

खरा जीवघेणा भाग डोळ्याआड असतो. ऑइलला कागदी फिल्टर नव्हता, फक्त जाळ्या. बारीक गाळ पकडायला क्रँकच्या आत एक नळी बसवलेली असते. फिरण्याच्या जोराने गाळ तिच्या भिंतीला चिकटतो. ती पूर्ण भरली की बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगला) ऑइल पोचत नाही, आणि वरून गाडी उत्तम चालताना दिसते. नळी साफ करायला पूर्ण इंजिन उघडावं लागतं: चेंबर वेगळा करायचा, फ्लायव्हीलचा जो बोल्ट नळीतून जातो तो काढायचा, ठोकून बसवलेला स्क्रूचा बूच सोडवायचा आणि नळी ओढून काढायची. दोन्ही बिग एंड बेअरिंगचं भवितव्य या एका कामावर असतं, तरीही ‘इंजिन नवं केलंय’ म्हणून विकलेल्या कित्येक गाड्यांत ते झालेलं नसतं. टायमिंग कव्हरमधलं क्रँकच्या टोकाचं सीलही त्याच वेळी बदलावं. ते झिजलं की दाब तिथेच निसटतो. गरम इंजिनाचा चालू दाब 65 ते 80 पीएसआय असायला हवा.

महिनाभर उभी राहिलेली गाडी चालू करण्याचाही ठरलेला क्रम आहे. टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून चेंबरमध्ये उतरलेलं असतं, म्हणून आधी खालचा बूच काढून ते रिकामं करायचं. क्लच दाबून दोन-तीन किक मारायच्या, म्हणजे चिकटलेल्या प्लेट सुटतात. पेट्रोल चालू करून दोन्ही कार्बोरेटरचे (ते अमल कंपनीचे) टिकलर, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी बटणं, ओलसर होईपर्यंत दाबायचे, मग कॉम्प्रेशनवर आणून एक पूर्ण किक. चालू झाली पण आयडलला टिकत नसेल तर दोष बहुधा 1967 नंतरच्या अमल कॉन्सेंट्रिक कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रात. तो आतच ठोकून बसवलेला असतो, निघत नाही. वाळलेलं पेट्रोल साफ करायला 0.4 मिमीची तार किंवा ड्रिल हाताने फिरवावं लागतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हा त्रास वाढला आहे. ते पाणी शोषतं आणि टाकीला आतून लावलेलं जुनं सीलंट विरघळवतं.

पान्यांचा घोळ वेगळाच. जुने आटे व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आणि सायकलच्या मापाचे, इंचाला 26. साठच्या दशकाच्या शेवटी युनिफाइड या नव्या मापाचे आटे येऊ लागले, त्यामुळे 1969 च्या एकाच इंजिनात दोन्ही सापडतात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. पाव इंचाचा, आपल्या फिटरच्या भाषेत दोन सुताचा पाना, तोंडात 13.3 मिमी भरतो. 13 चा बसत नाही, 14 चा नटाचे कोपरे खातो. जुन्या बुलेटवर काम केलेल्यांना हे सांगायला नको, आणि उजव्या पायाच्या गिअरचंही अप्रूप नको. ट्रायम्फचा गिअर अमेरिकन नियमामुळे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर डावीकडे गेला.

1969 मध्ये होंडाची सीबी 750 आली: चार सिलिंडर, बटणावर चालू, पुढे डिस्क ब्रेक. बीएसए गटाचं उत्तर म्हणजे 1971 ची नवी चौकट, जिच्या कण्याच्या नळीतच ऑइल भरायचं. सीट इतकी उंच की बुटक्या स्वाराचे पाय टेकेनात, ऑइलही आधीपेक्षा कमी मावे. 1973 मध्ये बीएसए कोसळली. नव्या मालकांनी मेरिडन बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला. 1975 मध्ये सरकारी कर्जावर त्यांची सहकारी संस्था झाली आणि 1983 पर्यंत तेच इंजिन बनवत राहिली. नवं बनवायला पैसेच नव्हते.

मात्र त्यामुळेच भाग टिकले. ट्रायम्फचं नाव विकत घेतलेल्या जॉन ब्लूर यांच्या परवान्यावर लेस हॅरिस यांनी 1985 ते 1988 दरम्यान इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये बॉनव्हिल जोडल्या. वर्षानुवर्षं न बदललेल्या भागांना गिऱ्हाईक मोठं, म्हणून पिस्टन, व्हॉल्व्ह गाइड, क्लच प्लेट आजही नवे मिळतात. ज्या कंपन्यांनी दर चार वर्षांनी इंजिन बदललं, त्यांच्या त्या काळच्या गाड्यांचं असं नाही.

ब्लूर यांनी इंग्लंडमधल्या हिंकलीत सुरू केलेल्या ट्रायम्फचा जुन्या इंजिनाशी संबंध नाही. 2023 पासून पुण्याजवळ चाकणला बजाज बनवते ती स्पीड 400 तर एका सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी. टर्नर यांच्या गाडीतला ‘स्पीड’ हा शब्द तेवढा उरला आहे, आणि तिला पाने मिलिमीटरचे लागतात.