उंबरठ्याच्या आतला यंत्रमानव

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करणारे यांत्रिक हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या हातांभोवतीची जाळीही आठवत असेल. जाळीचे दार उघडले की हात जागच्या जागी थांबतो, कारण आत माणूस असताना यंत्र हलता कामा नये हा तिथला पहिला नियम आहे. या शिस्तीमागे गेलेले जीव आहेत. 25 जानेवारी 1979 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मोटार कारखान्याच्या ओतशाळेत रॉबर्ट विल्यम्स हा तरुण कामगार यंत्राचा हात लागून मरण पावला आणि रोबोमुळे झालेला पहिला मृत्यू म्हणून त्याची नोंद झाली. घरकामाच्या यंत्रमानवाभोवती घरात मात्र जाळी लावता येत नाही. तिथे यंत्र आजीच्या बाजेशेजारून जाणार, रांगणारे मूल त्याच्या पायाला धरून उभे राहणार, म्हणून सुरक्षितता त्याच्या अंगातच असावी लागते.

ती कुठून सुरू होते, असे विचारले तर माझे उत्तर आहे, वजनापासून. मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे अंगावर कोसळल्यामुळे. यंत्रमानवाचा हिशेबही असाच आहे. 1.7 मीटर उंचीचे शरीर ताठ उभे असताना तोल जाऊन आडवे झाले, तर त्याचे डोके जमिनीवर येताना वेग ताशी सुमारे 25 किलोमीटर असतो. वजन कमी असले तरी हा वेग तोच राहतो, बदलतो तो आघात. 60 किलोचे शरीर पडताना सुमारे 500 ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे दहा किलोची पिशवी पाच मीटरवरून पडावी तितकी. 30 किलोच्या शरीराची ऊर्जा निम्मी भरते. टेस्लाने 2021 मध्ये आपल्या यंत्रमानवाची कल्पना मांडली तेव्हा सांगितलेले वजन 57 किलो होते, तर वनएक्स कंपनीने घरासाठी बनवलेला निओ सुमारे 30 किलोंचा आहे. या दोन आकड्यांमधला फरक मला कोणत्याही हुशार प्रणालीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पडण्याचा प्रश्न आणखी एका कारणाने अवघड होतो. कारखान्यात काही बिघडले की लाल बटण दाबतात, वीज तुटते आणि यंत्र थांबते. दोन पायांचे यंत्र मात्र सतत तोल सावरत असते, म्हणून त्याची वीज तोडली की ते थांबत नाही, कोसळते, आणि कदाचित बटण दाबणाऱ्याच्याच अंगावर. यावर एक चांगला उपाय आहे. वीज गेल्यावर मोटरमधल्या तारांची वेटोळी आपसांत जोडली, तर मोटर स्वतःच ब्रेकसारखी अडखळत फिरते आणि गुडघे एकदम न मोडता हळूहळू वाकत जातात. यंत्राने धाडकन आडवे होण्याऐवजी जागेवरच फतकल मारावी, अशी ही योजना आहे. चाकांचा रुंद पाया दिला तर ही अडचण बरीचशी मिटते. पण लातूर जिल्ह्यातील आमच्या जुन्या घराचा उंबरठा चांगला चार बोटे उंच आहे, आणि नळाला पाणी येते त्या दिवशी रांजण व टाक्या भरताना सांडलेल्या पाण्याने शहाबादी फरशी निसरडी होते. तिथे चाके अडतात आणि पाय घसरतात. शिवाय आमच्याकडे माणसे जमिनीवर बसून जेवतात आणि जमिनीवरच झोपतात, म्हणजे पडणाऱ्या यंत्राच्या वाटेत पाऊल नव्हे तर डोके असते.

दुसरी गोष्ट हाताच्या सांध्यांची. लहान मोटरकडून मोठे काम करून घ्यायचे तर मध्ये गिअर लागतात. मोटरच्या शंभर फेऱ्यांत सांध्याची एक फेरी होत असेल, तर बाहेरून त्या हाताला ढकलणाऱ्याला मोटरच्या फिरत्या भागाचे जडत्व शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार पट भासते. म्हणून दिसायला सडपातळ असलेला हातही आदळला की लोखंडी पहारीसारखा लागतो. 1995 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील गिल प्रॅट आणि मॅथ्यू विल्यमसन यांनी मोटर आणि सांधा यांच्या मधोमध मुद्दाम स्प्रिंग बसवण्याची पद्धत मांडली. स्प्रिंग धक्का झेलते, आणि ती किती दबली यावरून हाताला केवढा जोर लागतो आहे हेही कळते. आज काही यंत्रांत कमी गिअरच्या ताकदवान मोटर आणि स्नायूंच्या कंडरांसारख्या ओढदोऱ्या वापरतात. हेतू एकच, की मुलाने हात ढकलला तर तो मुकाट्याने मागे सरावा.

कडबाकुट्टीत बोटे गमावलेला माणूस आणि मळणी यंत्रात पदर अडकल्याची घटना आपल्या भागातल्या गावांना अनोळखी नाही. यंत्रमानवाच्या कोपरात, गुडघ्यात, बोटांच्या मुळाशी तसेच चिमटे दडलेले असतात. फट बोट शिरणारच नाही इतकी अरुंद तरी हवी, नाहीतर सांधा पूर्ण मिटल्यावरही तिथे किमान 25 मिलिमीटर जागा उरायला हवी, इतके अंतर यंत्रसुरक्षेच्या मानकात प्रौढांच्या बोटासाठी सांगितले आहे. बाकी अंगावर मऊ विणलेले आवरण चढवावे, म्हणजे पदर, ओढणी किंवा केस आत ओढले जात नाहीत.

माणसासोबत काम करणाऱ्या औद्योगिक यंत्रांसाठी 2016 मध्ये एक तांत्रिक दस्तऐवज निघाला, त्यात शरीराच्या कोणत्या भागावर किती दाब चालेल याचे तक्ते आहेत. चेहऱ्यासाठी मर्यादा 65 न्यूटन आहे, म्हणजे साधारण साडेसहा किलोचा भार. हे आकडे धडधाकट प्रौढ कामगारांसाठी आहेत. ऐंशी वर्षांच्या आजीची ठिसूळ हाडे आणि दीड वर्षाच्या बाळाची मऊ टाळू त्या तक्त्यांत नाहीत. वैयक्तिक सेवेच्या यंत्रांसाठी 2014 पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे 13482 क्रमांकाचे मानक आहे, पण पायांवर तोल सांभाळणाऱ्या यंत्रांसाठी स्वतंत्र नियम करण्याचे काम त्यानंतर हाती घेतले गेले. जोर आणि वेग यांची कमाल मर्यादा, बोलणे समजून घेणाऱ्या प्रणालीच्या हाती न ठेवता, वेगळ्या आणि साध्या सुरक्षा नियंत्रकाकडे असावी, असे माझे ठाम मत आहे. प्रणाली चुकली तरी त्या मर्यादेपुढे हात जाऊ नये.

शेवटी आपला उन्हाळा. लिथियम आयन बॅटरी साधारणपणे 45 अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते, त्यातच लाईट गेलेली असली तर पंखाही नसतो. अशा वेळी यंत्राने चार्जिंग नाकारावे, बॅटरी संपत आली असेल तर आधीच भिंतीशी जाऊन खाली बसावे, आणि ऊन उतरून खोली निवेपर्यंत तिथेच थांबावे.